वाचकांचे प्रश्न : पट्ट्यापट्ट्यांची ‘ग्ल्वार’

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धातल्या एका फ्रेंच नौकेचा फोटो पाहिला. अंगभर झेब्र्यासारखे गडद-फिकट पट्टे. ही नौका कोणती? असे भडक पट्टे ओढून ती लपणार कशी? – एक वाचक, मिरज

उत्तर : ही हलकी क्रूझर (मध्यम आकाराची वेगवान युद्धनौका) ‘ग्ल्वार’, फोटो १९४४चा. (स्पेलिंग पाहून ‘ग्लोअर’ म्हणू नये. शब्दाचा अर्थ कीर्ती.) पट्टे लपण्यासाठी नव्हतेच. पाणबुडीचा कप्तान टॉर्पेडो सोडतो तो नौका आत्ता जिथे आहे तिथे नाही, तर टॉर्पेडो पोहोचेल तेव्हा ती जिथे असेल तिथे. त्यासाठी त्याला अंतर, वेग आणि नौकेच्या तोंडाची दिशा, तिन्ही लागतात, आणि पेरिस्कोप वर ठेवायला मिळतात मोजके सेकंद.

ढोबळ हिशेब करून पाहा. ४० नॉटचा (ताशी ४० सागरी मैल) टॉर्पेडो २,००० मीटर जायला साधारण ९७ सेकंद घेतो. तेवढ्यात १५ नॉटने जाणारी नौका सुमारे ७५० मीटर पुढे सरकते. कप्तानाला वाटलं ती अगदी आडवी चालली आहे, पण प्रत्यक्षात ती ३० अंश तिरकी असेल, तर आडवं अंतर ६५० मीटरच भरतं. म्हणजे चूक शंभर मीटरची. ‘ग्ल्वार’ची लांबी १७९ मीटर, मध्यावर धरलेला नेम इतका चुकला की टॉर्पेडो नाकासमोरून निघून जातो. पट्ट्यांनी नाळ (नौकेचं पुढचं टोक) कुठली आणि कडा कुठल्या दिशेला वळते तेच चटकन कळत नाही, आणि दिशेचा अंदाज फसतो. विमानातून बघणाऱ्यापुढे मात्र ही युक्ती फारशी चालत नाही. वरून पाण्यातली फेसाळ रेघ दिसते, ती दिशा सांगून टाकते.

त्याच फोटोत आणखी एक गोष्ट पाहा : विमानं आणि ती उडवणारा कॅटापुल्ट दिसणार नाही. १९४३मध्ये अमेरिकेत दुरुस्ती झाली तेव्हा ते काढून टाकलं. टेहळणीला रडार आलं होतं, आणि विमानाचं पेट्रोल डेकवर बाळगणं म्हणजे आगीला आमंत्रण. मोकळ्या झालेल्या जागेचा आणि वजनाचा उपयोग विमानविरोधी तोफांसाठी झाला : ४० मिमीच्या २४ नळ्या, चार-चारच्या सहा जोडण्यांत. मुख्य तोफा तशाच राहिल्या, १५२ मिमीच्या नऊ.

प्रश्न : ‘लॅकोनिया’ बुडाल्यावर ब्रिटिशांना वाचवायला आलेली ‘ग्ल्वार’ हीच का? विशी सरकारची नौका शत्रूच्या मदतीला कशी? – एक वाचक, पणजी

उत्तर : हीच. मात्र ‘शत्रू’ हा शब्द इथे नेमका बसत नाही. जून १९४०मध्ये फ्रान्सने जर्मनीशी युद्धबंदी केली; त्यानंतरचं सरकार ते विशी, आणि त्याचा फ्रान्स कागदोपत्री लढाईबाहेर होता. ब्रिटनशी चकमकी झाल्या, पण युद्ध पुकारलेलं नव्हतं. १२ सप्टेंबर १९४२च्या रात्री यू-१५६ या जर्मन पाणबुडीने पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून दूर ‘लॅकोनिया’ हे ब्रिटिश सैनिकवाहू जहाज बुडवलं. नंतर कळलं की जहाजावर सुमारे १,८०० इटालियन युद्धकैदी होते. कप्तान हार्टेनश्टाइनने उघड्या (सांकेतिक नसलेल्या) संदेशाने मदत मागितली, होड्या दोरखंडाने ओढत नेल्या. १६ तारखेला अमेरिकन विमानाने त्याच पाणबुडीवर बॉम्ब टाकले. ‘ग्ल्वार’ पश्चिम आफ्रिकेतल्या, विशीच्या ताब्यातल्या डाकार बंदरातून आली ती १७ तारखेला.

काम चिकाटीचं होतं. पाच दिवसांत होड्या वाऱ्या-प्रवाहाने विखुरतात, आणि लाटांमध्ये होडी काही सागरी मैलांवरूनही दिसत नाही. पाणबुड्यांनी उचललेले लोकही फ्रेंच नौकांवर हलवावे लागले. एकूण हजाराहून थोडे अधिक लोक वाचले. त्यांतल्या ब्रिटिशांना मोरोक्कोत नजरकैदेत ठेवलं; नोव्हेंबरमध्ये दोस्तांचं सैन्य उतरल्यावर ते सुटले. आमच्या मते या नौकेच्या युद्धकाळातलं हे सर्वांत मोलाचं काम. त्यात तोफेचा एकही बार नाही.

प्रश्न : सप्टेंबर १९४०मधल्या डाकारच्या लढाईत (ब्रिटिशांचा आणि विशीला न मानणाऱ्या जनरल दगॉलच्या फ्रेंच फौजेचा हल्ला) ‘ग्ल्वार’ का नव्हती?

उत्तर : यंत्र दुखावलं म्हणून. ९ सप्टेंबरला तीन क्रूझर (‘ग्ल्वार’, ‘मोंकाल्म’, ‘जॉर्ज लेग’) आणि तीन मोठ्या विनाशिका दक्षिण फ्रान्सच्या तुलों बंदरातून निघाल्या. काम होतं दगॉलकडे वळलेला विषुववृत्तीय आफ्रिकेचा मुलूख परत आणण्याचं. डाकारहून त्या दक्षिणेला निघाल्या, पण तेलाचं जहाज ब्रिटिशांनी वाटेतच परतवलं. तेलाशिवाय पुढे काय? वेग दुप्पट केला की ताकद साधारण आठपट लागते, म्हणजे मैलामागे तेल चौपट. ‘मोंकाल्म’ आणि ‘जॉर्ज लेग’ वेगाने डाकारला परत फिरल्या. ‘ग्ल्वार’ला तो वेग झेपेना. ‘ऑस्ट्रेलिया’ या जड क्रूझरने तिला गाठलं, आणि गोळी न झाडता ती कासाब्लांकाला गेली. २३ ते २५ सप्टेंबरची लढाई तिच्याशिवाय झाली.

प्रश्न : तिच्या जोडीच्या बाकीच्या नौकांचं काय झालं?

उत्तर : एकूण सहा. ‘मार्सेएझ’, ‘ला गालिसोनिएर’ आणि ‘जां द व्हिएन’ तुलोंलाच राहिल्या आणि २७ नोव्हेंबर १९४२ला जर्मनांच्या हाती पडू नयेत म्हणून त्यांच्याच खलाशांनी बुडवल्या. सप्टेंबर १९४०मध्ये बाहेर पडलेल्या तिन्ही वाचल्या आणि पुढे दोस्तांच्या बाजूने लढल्या. ‘मोंकाल्म’ आणि ‘जॉर्ज लेग’ ६ जून १९४४ला नॉर्मंडीतल्या ओमाहा किनाऱ्यासमोर मारा करत होत्या. ‘ग्ल्वार’ त्याच वर्षी आधी इटलीतल्या आंझिओसमोर आणि ऑगस्टमध्ये दोस्तांचं सैन्य दक्षिण फ्रान्समध्ये उतरलं तेव्हा तिथे. १९५८मध्ये ती भंगारात निघाली.