वर्गात टीव्ही आणि टॅब आल्यावर शिक्षकाला करायला काय उरते?

आपण डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षकाची पदविका करत आहात आणि वर्गात टीव्ही, टॅब आल्यावर शिक्षकाला काय काम उरेल, असे विचारता. मी दापोली तालुक्यातल्या समुद्रकाठच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. काम उरते, आणि ते पूर्वीपेक्षा अवघड झाले आहे.

सातवीच्या भूगोलातला भरती-ओहोटीचा पाठ घ्या. पूर्वी फळ्यावर सूर्य, चंद्र, पृथ्वी काढण्यातच माझी तासिका संपत असे. आता पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की 2017 साली सुरू झालेल्या 'दीक्षा' या सरकारी ऑनलाइन शिक्षण-मंचावरचे साहित्य उघडते, आणि पाण्याचा फुगवटा सरकताना मुलांना दिसतो, जो माझ्या खडूला कधीच दाखवता आला नाही. मुले शांतपणे पाहतात म्हणजे त्यांना समजले, असे मला आधी वाटे. पण वहीत आकृती काढायला सांगितली, तेव्हा बहुतेकांनी चंद्राच्या बाजूचाच फुगवटा काढला, विरुद्ध बाजूचा काढलाच नाही. तेव्हापासून मी चित्रफीत मध्येच थांबवते. भरती रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येते, हे आले की मच्छीमारांच्या मुलांना विचारते, "घरी भरतीची वेळ कशी काढतात?" उत्तर लगेच येते: तिथीची पाऊणपट, म्हणजे चतुर्थीला तीन आणि अष्टमीला सहा वाजता. मग दर तिथीला वाढणारा हा पाऊण तास आणि पुस्तकातली 50 मिनिटे जवळजवळ सारखी का, अष्टमीच्या भांगाला (लहान भरतीला) पाणी कमी का चढते आणि पौर्णिमेच्या उधाणाला होड्या वर का ओढून ठेवाव्या लागतात, यावर वर्ग बोलू लागतो. हे बोलणे कोणत्याही चित्रफितीत नसते.

साधन बंद पडते, हेही लक्षात ठेवा. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्याकडे कित्येक दिवस वीज नव्हती. करोनामुळे शाळा आधीच बंद होत्या आणि अभ्यास मोबाईलवर चालला होता. तेव्हा आम्ही हाताने लिहिलेले स्वाध्याय घेऊन वाडीवाडीत गेलो.

मला खरे दुःख आहे ते ऑनलाइन नोंदींचे. हजेरी, पोषण आहार, यू-डायस (शाळांची सरकारी माहिती-नोंद) यांची माहिती भरण्यात आणि रेंज शोधण्यात द्विशिक्षकी शाळेतल्या एका शिक्षकाचा वेळ गेला, की तेवढा वेळ सगळ्या इयत्ता एकट्या दुसऱ्याकडे असतात. हे काम शिक्षकांकडून काढून घ्यायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

आपण पाठ घ्याल तेव्हा आदल्या रात्री चित्रफीत दोनदा पाहा आणि ती कुठे थांबवून काय विचारायचे, ते टाचणवहीत, म्हणजे पाठाच्या तयारीच्या वहीत, लिहून ठेवा.