ब्रेस दिवसभर नको, रात्री तर नाहीच

साडेसात वर्षांची लॅब्राडॉर, वजन ३८ किलो, मागचा डावा पाय टेकवत नाही, व्हेटने गुडघ्यातलं लिगामेंट (हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा चिवट दोर) गेलंय असं सांगितलं, आणि तुम्ही मापं देऊन गुडघ्याचा ब्रेस, म्हणजे पायाला बांधायचा आधार, मागवलाय. दिवसभर घालून ठेवला तर लवकर बरी होईल का, हा तुमचा प्रश्न.

नाही होणार. ब्रेसने तुटलेलं लिगामेंट जुळत नाही. चालताना नडगीचं हाड पुढे सरकतं, त्याला तो थोडा आवर घालतो, एवढंच. म्हणजे त्याचं काम ती उभी असताना, चालताना. झोपलेल्या कुत्रीच्या पायावर तो नुसता कातडी घासत बसतो.

आधी एक खात्री करा. मागच्या पायात मागे वळलेला जो टोकदार कोपरा दिसतो तो घोटा. गुडघा त्याच्या वर, पुढच्या बाजूला, पोटाजवळ असतो. मापं घेताना इथेच घोळ होतो. घोट्याचा ब्रेस वेगळा मिळतो आणि या दुखण्यात त्याचा उपयोग नाही. गुडघ्याच्या ब्रेसची खोडही सांगून ठेवते: कुत्र्याची मांडी वर रुंद, खाली निमुळती, त्यामुळे तो घसरतो. मग आपण पट्टे आवळतो आणि पंजा सुजतो. पट्ट्याखाली एक बोट जेमतेम जायला हवं. तिच्या पंजाची बोटं गार लागली किंवा फाकलेली दिसली, तर लगेच काढा. घसरणं थांबतच नसेल तर माप चुकलंय; पायाचा साचा घेऊन बनवलेला ब्रेस महाग पडतो, पण बसतो.

पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं, घरातच, तुमच्या डोळ्यांसमोर. मग रोज थोडं वाढवत न्या. दर वेळी काढल्यावर केस बाजूला सारून कातडी बघा, विशेषतः मांडीची आतली बाजू आणि नडगीचं हाड. लाली अर्ध्या तासात गेली तर ठीक. राहिली, ओलसर दिसली किंवा ती तिथेच चाटत बसली, तर जखम पूर्ण भरेपर्यंत ब्रेस बंद. पावसाळ्यात हे फार जपा. निओप्रीन, म्हणजे ब्रेसचं रबरी कापड, दोन दोन दिवस वाळत नाही, आणि ओल्या कापडाखाली कातडी चिघळायला एक रात्र पुरते. आतलं अस्तर निघत असेल तर दोन जोड ठेवा.

ब्रेस घातला म्हणून मोकळं सोडायचं नाही. दोरी बांधूनच, सपाट रस्त्यावर, थोडा वेळ. जिना आणि सोफा बंद. आपल्या घरांतल्या गुळगुळीत फरश्या तर या आजाराला शापच. तिच्या वाटेवर योगा मॅट किंवा सतरंज्या टाका, पंजातले केस कापा. उठताना पोटाखालून जुना पंचा घालून आधार दिलात तर दुसऱ्या पायावरचा भारही कमी होतो. तो पाय सांभाळणं आवश्यकच आहे, कारण एक लिगामेंट गेलेल्या कुत्र्यांत साधारण निम्म्यांचं दुसऱ्या पायातलंही पुढे कधीतरी तुटतं.

पंजा उलटा पडतोय का, नखं वरच्या बाजूने घासलीत का, हेही बघा. तसं असेल तर दुखणं मज्जातंतूचं किंवा मणक्याचं असू शकतं. ब्रेस बाजूला ठेवून आधी व्हेटकडे न्या.

घरातली आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक काहीही देऊ नका. पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं जातात. वेदनाशामक व्हेटने लिहून दिलेलंच.

आणि ऑपरेशनचं एकदा विचारून घ्या. एवढ्या वजनाच्या कुत्र्यात टीपीएलओसारखी (नडगीच्या हाडाचा वरचा भाग कापून, फिरवून बसवण्याची) शस्त्रक्रिया ब्रेसपेक्षा भरवशाची, असं माझं मत. भूल झेपणार नाही असं व्हेट म्हणाले, किंवा खर्च आवाक्याबाहेर असेल, तर ब्रेस आहेच. दोन्हींत वजन मात्र उतरवावं लागेल. चहाबरोबरची ग्लुकोज बिस्किटं आजपासून बंद करा, घरातल्या आजीआजोबांनाही तसं सांगून ठेवा.