व्हीलचेअरला मोटर जोडायची आहे? वाचकांचे प्रश्न

पुण्यात गेली सोळा वर्षं ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून मी व्हीलचेअरची मापं घेते, त्या बसवून देते आणि बिघडल्या की पुन्हा बघते. गेल्या दोन महिन्यांत आलेले बरेच प्रश्न एकाच गोष्टीबद्दल होते : हाताने चालवायच्या व्हीलचेअरला मोटरची अटॅचमेंट लावावी का, आणि लावायची तर कोणती? त्यांतले सहा इथे घेतले आहेत.

प्रश्न : मी ३४ वर्षांचा, सोलापूरचा. २०१६ मध्ये अपघातात मणक्याला दुखापत झाली, कमरेखाली हालचाल आणि संवेदना नाही. हात उत्तम आहेत. साडेतीन किलोमीटरवर नोकरी, रोज रिक्षाने जातो. पुढे जोडायची मोटर घेऊ की बाजूला चाकं लावलेली स्कूटर?

आधी पोहोचल्यावर काय होतं ते बघा. स्कूटरसाठी खुर्चीतून तिच्यावर सरकायचं, ऑफिसपाशी पुन्हा उतरायचं आणि तिथे दुसरी व्हीलचेअर तयार हवी. ती नसली तर कुणाची तरी वाट बघत बसायचं. अटॅचमेंट लावली तर तुम्ही स्वतःच्याच खुर्चीत, स्वतःच्याच कुशनवर राहता. ऑफिसच्या दारात पुढचं युनिट सोडवून ठेवलं की हाताने आत जाता येतं. साडेतीन किलोमीटरला मी अटॅचमेंटच सांगेन. रोज वीस किलोमीटर हायवेवरून जायचं असतं तर स्कूटर म्हटलं असतं.

हे युनिट खुर्चीच्या फ्रेमला पुढून अडकतं आणि पुढची दोन लहान चाकं, म्हणजे कास्टर, जमिनीपासून उचलतं. खुर्ची तीनचाकी होते. आपल्या रस्त्यांवर हाच त्याचा मोठा गुण, कारण घात करतो तो कास्टर. गटाराच्या जाळीत किंवा उखडलेल्या पेव्हर ब्लॉकच्या फटीत तो रुतला की खुर्ची जागच्या जागी थांबते आणि माणूस पुढे फेकला जातो. मोठं चाक तीच फट सहज ओलांडतं. आपल्याकडे आयआयटी मद्रासमधून निघालेल्या निओमोशन कंपनीने २०२१ मध्ये निओबोल्ट आणलं, ते याच प्रकारचं. ताशी २५ किलोमीटर वेग, एका चार्जमध्ये साधारण २५ किलोमीटर अंतर, आणि तेव्हाची किंमत ५५,००० रुपये. स्पेनचं बॅटेक आणि इटलीचं ट्रायराइड यांची रचनाही हीच.

तुमच्यासाठी मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात ते पाय. त्यांना संवेदना नाही. वीसच्या वेगाने खड्डा लागला, पाय फूटरेस्टवरून घसरला आणि रस्त्यावर घासत राहिला, तरी तुम्हाला कळणार नाही. माझ्याकडे आलेल्या एका मुलाला घरी पोहोचल्यावर, मोजा काढताना रक्त दिसलं तेव्हा कळलं. करंगळीजवळचं कातडं गेलं होतं आणि ती जखम भरायला तीन महिने लागले. म्हणून टाचांमागे एक पट्टा आणि पिंडऱ्यांभोवती एक पट्टा, हे दोन्ही लावल्याशिवाय निघायचं नाही. मांडीवरचा पट्टा तर हवाच.

दुसरं म्हणजे क्लॅम्प. तो फ्रेमच्या नळीला जिथे पकडतो तिथे पहिल्याच दिवशी मार्करने बारीक रेघ ओढून ठेवा, अर्धी क्लॅम्पवर आणि अर्धी नळीवर. आठवड्याने रेघेचे दोन तुकडे एकमेकांसमोर दिसले नाहीत, किंवा रंग घासून नळीवर चकचकीत कडं पडलं, तर क्लॅम्प सरकतोय. तसाच वापरू नका.

कायद्याचंही पाहा. मोटर २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र असेल, तर अशा बॅटरी वाहनाला नोंदणी लागत नाही. आपलं मॉडेल यात बसतं का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. हेल्मेट मात्र कायदा काहीही म्हणो, घालाच.

प्रश्न : आई ६१ वर्षांची, लहानपणी पोलिओ झालेला. आठ वर्षांपासून व्हीलचेअर. आता उजवा खांदा इतका दुखतो की रात्री त्या कुशीवर वळता येत नाही. इलेक्ट्रिक व्हीलचेअरचं नाव काढलं की म्हणते, "त्यात बसले की मी संपले." नाशिकला सोसायटीत राहतो, रॅम्प उभा आहे. काय घ्यावं?

आईंचं म्हणणं हट्ट म्हणून बाजूला सारू नका. हाताने चाक फिरवण्यात त्यांचं स्वतःचं काहीतरी शाबूत आहे, आणि ते राखूनच उत्तर शोधायचंय.

पण आधी टेप घेऊन रॅम्पपाशी जा. पोर्चची उंची मोजा आणि रॅम्पची जमिनीवरची लांबी मोजा. तीन पायऱ्या म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर उंची. अशा उंचीला बहुतेक सोसायट्यांत सव्वादोन मीटरचा उतार ओतलेला असतो, म्हणजे १:५. असायला हवा १:१२, म्हणजे ५ मीटर ४० सेंटिमीटर लांब. आई आणि खुर्ची मिळून ८५ किलो धरले, तर १:१२ वर चढाचा भार सात किलोच्या आसपास पडतो आणि १:५ वर जवळजवळ सतरा किलो. तोही प्रत्येक धक्क्याला, दुखऱ्या खांद्यावर. शिवाय एवढ्या चढावर खुर्ची मागे उलटते. मोटर लावून हा धोका जात नाही, उलट जोर वाढल्याने वाढतो. पुढे जोडायच्या युनिटचं चाक तर अशा ठिकाणी नुसतं गरगर फिरतं, कारण सगळं वजन मागे गेलेलं असतं. कमिटीपुढे जाताना हे आकडे कागदावर न्या. रॅम्प दुमडून वळवला तर जागा कमी लागते.

मग खुर्ची. मागच्या टायरमध्ये हवा भरा. मऊ टायरवर ढकलणं म्हणजे वाळूत चालणं, आणि सोळा वर्षांत निम्म्या खांदेदुखीवाल्यांच्या टायरला अंगठा दाबला की तो आत जाताना मी बघितलाय. मागच्या चाकाचा एक्सल, म्हणजे चाक ज्यावर फिरतं तो दांडा, पुढे घेता येत असेल तर थेरपिस्टसमोर थोडा पुढे घ्या. सीटवर सरळ बसून हात सैल सोडला की मधल्या बोटाचं टोक चाकाच्या मध्यापाशी यायला हवं. एका धक्क्यात खुर्ची दीड मीटर जाते असं धरलं, तरी किलोमीटरला साडेसहाशेच्या वर धक्के होतात. त्यातले निम्मे वाचवले तरी खांद्याला केवढा आराम!

एवढं करून मोटर लागलीच, तर त्यांच्यासाठी चाकातच मोटर असलेली जोडी. जर्मनीच्या अल्बर कंपनीचं ई-मोशन आणि यामाहाचं जेडब्ल्यूएक्स हे त्यातले. आई चाकाबाहेरची हाताने धरायची रिंग ढकलणार, चाक तो धक्का ओळखून जोर वाढवणार, आणि उतारावर हात मागे ओढला की रोखणारही. चालवणाऱ्या त्याच राहतात. दोष दोन : एकेक चाक सात-आठ किलोचं आहे, गाडीत कोण टाकणार ते आधी ठरवा. आणि किंमत लाखांत जाते. नेहमीच्या स्टीलच्या घडीच्या खुर्चीला ही चाकं जशीच्या तशी बसतही नाहीत, त्यामुळे नव्या खुर्चीचा खर्चही धरा. मी तुमच्या जागी असते तर यंदा रॅम्प आणि खुर्चीवर पैसे घातले असते, आणि खांदा सहा महिने बघितला असता.

प्रश्न : बहीण २७ वर्षांची, मानेला दुखापत, सी-६, म्हणजे मानेतल्या सहाव्या पातळीवर. मनगट वर उचलता येतं, बोटांत पकड नाही. कोल्हापूरला मी तिच्यासाठी पुढे जोडायचं युनिट आणलं, पण तिला ब्रेक दाबता येत नाही. परत करू का?

लगेच करू नका. सायकलसारखा ब्रेकचा दांडा आणि पिळायची मूठ तिच्यासाठी नाहीच. त्याऐवजी मनगट आत अडकेल असे इंग्रजी यू आकाराचे हँडल, हाताच्या बाजूने ढकलता येईल असा थ्रॉटल, म्हणजे वेग देणारा खटका, आणि हँडल मागे ओढलं की लागणारा ब्रेक अशी जोडणी काही कंपन्या करून देतात. तुमच्या कंपनीला हेच तीन शब्द विचारा : हँडल, थ्रॉटल, ब्रेक. तिन्हींना हो आलं तरच ठेवा. एकाला जरी "आमचा मेकॅनिक बघेल" असं उत्तर आलं, तर परत करा.

छातीचा पट्टा लागेल, कारण धडाचा तोल तिच्या ताब्यात नाही आणि वळणावर ती बाजूला कलेल. वेगाची मर्यादा सुरुवातीला ताशी सहावर बांधून घ्या. युनिट ती स्वतः जोडू-सोडू शकते का, हेही बघा. नाहीतर दर वेळी तुमचीच वाट पाहावी लागेल, मग मोटर आणून काय बदललं? चाकातल्या मोटरचा पर्याय तिच्यासाठीही चांगला आहे. डाव्या-उजव्या चाकाची संवेदनशीलता वेगळी लावता येते, त्यामुळे एक हात कमजोर असला तरी खुर्ची सरळ जाते.

आणखी एक, विचारलेलं नसलं तरी. मानेच्या दुखापतीत घाम नीट येत नाही आणि अंग तापत जातं. आजवर ती दुपारची लांब गेली नसेल कारण जाताच येत नव्हतं. आता जाता येईल. एप्रिल-मे मध्ये पाण्याची फवारणीची बाटली आणि ओला पंचा बरोबर हवाच.

प्रश्न : ठाण्यात राहतो, पॅराप्लेजिया (दोन्ही पाय लुळे) आहे. न्यू जर्सीचा भाऊ वापरलेलं स्मार्टड्राइव्ह, म्हणजे खुर्चीला मागून ढकलणारी मोटर, आणतो म्हणतोय. आणू दे का? विमानात चालतं का?

स्मार्टड्राइव्ह खुर्चीच्या मागे, मधोमध लागतं. वजन सहा किलोच्या आसपास, त्यामुळे गाडीत टाकायला सोपं. मनगटी पट्ट्यावर दोनदा टिचकी मारली की ढकलायला लागतं, एकदा मारली की तोच वेग धरतं, पुन्हा दोनदा मारली की थांबतं. वळायचं आणि थोपवायचं मात्र हातानेच, रिंग पकडून. उतारावर ते ब्रेक लावत नाही. आणि कास्टर खालीच राहतात, म्हणजे खड्ड्याचा प्रश्न तसाच.

म्हणून मी विचारेन : दिवस कुठे जातो? मोठ्या ऑफिसात, मेट्रो स्टेशनच्या लांब फलाटांवर, मॉलमध्ये जात असेल तर याच्याइतकं सोयीचं दुसरं नाही. स्टेशनबाहेरच्या गर्दीत, फुटक्या फुटपाथवर जात असेल तर मागून ढकलणारी मोटर आणि पुढे अडकलेला कास्टर ही जोडी वाईट.

भावाला तीन गोष्टी तपासायला सांगा. एक, जोडणीचा ब्रॅकेट तुमच्या खुर्चीचा आहे का. आधीच्या माणसाची खुर्ची एकसंध फ्रेमची आणि तुमची घडीची असेल तर तो निरुपयोगी. बोल्टने आवळलेल्या एक्सलवर तर बसतच नाही असं धरून चाला. दोन, चार्जरवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का. तीन, पूर्ण चार्ज करून त्याने खरोखर किती अंतर जातं ते तिथेच बघावं, कारण जुनी बॅटरी इथे बदलून मिळणं अवघड.

विमानासाठी व्होल्टला अँपिअर-अवरने गुणा, वॅट-अवर मिळतात. व्हीलचेअरच्या साधनाची काढता येणारी लिथियम-आयन बॅटरी ३०० वॅट-अवरपर्यंत चालते, दोन बॅटऱ्या असतील तर प्रत्येकी १६० पर्यंत. काढलेली बॅटरी केबिनमध्येच न्यायची, सामानात नाही, आणि विमान कंपनीची परवानगी आधी घ्यायची. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-अवरची बॅटरी ३६० होते, म्हणजे अडते. पुढे जोडायची युनिट घेणाऱ्यांनी हा गुणाकार दुकानातच करावा.

प्रश्न : जालन्याजवळच्या गावातला वेल्डर ई-सायकलची मोटर लावून अठरा हजारांत अटॅचमेंट करून देतो. कंपनीची परवडत नाही. घेऊ का?

गावातल्या कारागिराच्या हाताला मी कमी लेखत नाही. माझ्या कितीतरी पेशंटच्या खुर्च्या अशा हातांनीच चालू ठेवल्यात. पण त्याला हे सांगा. खुर्चीच्या नळीवर वेल्डिंग करायचं नाही, ती पातळ असते आणि वेल्डिंगशेजारी तडकते, क्लॅम्पच हवा. मोटरचा एक्सल फोर्कमध्ये, म्हणजे चाक धरणाऱ्या चिमट्यात, स्वतःभोवती फिरून वायर तोडू शकतो, म्हणून त्याला अडवणारी लोखंडी पट्टी लागतेच. ब्रेक दाबताच मोटर बंद व्हायला हवी. बॅटरी सुट्या सेलची जोडलेली नको, संरक्षण सर्किट असलेली बंद पेटीतली हवी. वेग दहाच्या वर जाऊ देऊ नका. आणि पहिली चाचणी रिकाम्या खुर्चीत सिमेंटची एक गोणी ठेवून, उतारावर.

पैशांसाठी : ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका यांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) प्रत, थेरपिस्टचं पत्र आणि कोटेशन जोडून लेखी अर्ज द्या आणि पोचपावती घ्या. तोंडी विचारलं की तोंडीच नाही म्हणतात.

प्रश्न : रत्नागिरीत पावसात वापरता येईल का?

शिंतोड्यांत हो, पाणी साचलेल्या रस्त्यावर नाही. परत आल्यावर बॅटरी काढा, जोडणीच्या पिना कोरड्या फडक्याने पुसा, आणि तासभर घरात कोरडं झाल्यावरच चार्जरला लावा. समुद्राच्या हवेने पिनांवर हिरवट थर चढतो, तो महिन्यातून एकदा बघा. कास्टरच्या बेअरिंगमधले केसही त्याच दिवशी काढा.