लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराची तक्रार इतक्या वर्षांनी करता येते का, की मुदत संपते?

तुम्ही लिहिलंय की सहावीत की सातवीत असताना, दिवाळीच्या सुट्टीत आजोळी, नात्यातल्या एका माणसाने तुमच्याशी जे केलं ते तुम्ही गेल्या महिन्यात पहिल्यांदा आईला सांगितलं. आणि घरातल्याच कुणीतरी ‘आता काय उपयोग, तीन वर्षांची मुदत असते’ म्हणून विषय मिटवला. मी जिल्हा न्यायालयात फौजदारी कामं करते. ती तीन वर्षांची गोष्ट सरसकट खरी नाही. तुमच्या बाबतीत नेमकं काय घडलं आणि ती कुठली दिवाळी होती, यावर सगळं ठरेल.

आपल्याकडे फौजदारी मुदत शिक्षेवरून मोजतात. कमाल शिक्षा एक वर्षाची असेल तर मुदत एक वर्ष, तीन वर्षांपर्यंतची असेल तर तीन वर्षं. त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला मुदतच नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम 468 होतं, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेत ते 514 झालं. नियम तोच. त्यामुळे बलात्काराला आणि बलात्काराच्या प्रयत्नाला तेव्हाही मुदत नव्हती, आजही नाही.

अडचण आहे ती विनयभंगाची. 2013 च्या दुरुस्तीआधी भारतीय दंड संहितेच्या कलम 354 ला जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा होती, म्हणजे मुदत तीन वर्षं. दुरुस्तीनंतर शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली आणि मुदतीचा प्रश्न संपला. पण गुन्हा घडला त्या दिवशी जो कायदा होता तोच लावावा लागतो, नंतरची वाढीव शिक्षा मागे नेता येत नाही.

इथे मला एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. अज्ञान मुलाची जमीन पालकाने परस्पर विकली, तर ते मूल सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांत दावा लावू शकतं. जमिनीसाठी कायदा त्याच्या वयाची वाट बघतो. फौजदारी मुदत मात्र मुलीच्या वयासाठी एक दिवसही थांबत नाही. अकरा वर्षांच्या मुलीची तीन वर्षं चौदाव्या वर्षी संपतात. त्या वयात तिने एकटीने पोलीस ठाण्याची पायरी चढायची होती, असा त्याचा अर्थ होतो. हे मला कधीच पटलं नाही आणि ही मुदत अठराव्या वर्षापासून मोजायला हवी, असं मी प्रत्येक ठिकाणी सांगते.

आता तुमची दिवाळी. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू झाला. त्या दिवशी पाडवा होता. त्या तारखेपासून पुढे लैंगिक हेतूने केलेल्या नुसत्या स्पर्शालाही तीन ते पाच वर्षांची शिक्षा आहे. करणारा नात्यातला असेल किंवा मूल बारा वर्षांखालचं असेल, तर पाच ते सात. दोन्हींना मुदत नाही.

माझ्याकडे एक अशील आली होती. वर्ष तिला पक्कं माहीत होतं, कारण आजोबा गेल्यानंतरची ती पहिली दिवाळी होती आणि मृत्यूचा दाखला घरात होता. पण 14 तारखेच्या आधी की नंतर? ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘अंगणातल्या किल्ल्यावरची मोहरी वाढून आडवी पडली होती. भाऊ मावळे पुसून खोक्यात भरत होता.’ किल्ला भाऊबीजेनंतरच मोडायचा, हा त्यांच्या घरचा शिरस्ता. भावालाही ते आठवत होतं. तारीख अशी सापडली. खटला चालू आहे, म्हणून याहून जास्त लिहीत नाही.

तुम्हीही असंच शोधा. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून कोणत्या वर्षी कितवीत होतात ते कळेल. त्या सुट्टीतलं लग्न, बारसं, घराचं बांधकाम, एखादा फोटो, काहीही चालेल. फक्त आठवत नसलेली तारीख अंदाजाने सांगू नका. ‘नक्की दिवस सांगता येणार नाही, पण अमुक घडलं होतं’ हे चालतं. चुकीची तारीख उलटतपासणीत फार महाग पडते.

समजा ती 2011 ची दिवाळी निघाली आणि प्रकार विनयभंगाचाच ठरला, तर गुन्हा मुदतबाह्य आहे. तरीही दार पूर्ण बंद नाही. उशिराचं कारण पटलं किंवा न्यायासाठी गरज वाटली, तर न्यायालय विलंब माफ करून दखल घेऊ शकतं (आताचं कलम 519). हमखास होतं असं मी सांगणार नाही. पण स्पर्शाच्या पुढे काही झालं असेल, निदान प्रयत्न झाला असेल, तर कलमच बदलतं. म्हणून लाजेपोटी जबाबात काही गाळू नका. शब्द अवघड जातात, मला माहीत आहे. जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो, थांबत थांबत सांगितलं तरी चालतं.

‘इतकी वर्षं गप्प का होतात?’ हे विचारलं जाईलच. मुदत वेगळी आणि उशीर वेगळा. घराण्याच्या अब्रूच्या भीतीने मुली उशिरा बोलतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 च्या गुरमीत सिंग निकालात मान्य केलंय. 2003 मध्ये गोव्यातल्या कानोळकर खटल्यात तर स्पष्ट म्हटलंय की केवळ उशीर झाला म्हणून फिर्याद खोटी धरता येत नाही.

फिर्याद कुठल्याही ठाण्यात देता येते, आजोळच्याच ठाण्यात जायला हवं असं नाही. ‘जुनं आहे, एनसी (म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद) करतो’ म्हणाले तर ऐकू नका. पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, तिथेही काही झालं नाही तर वकिलामार्फत दंडाधिकाऱ्यांकडे जा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो.

आणि जाताना आईला सोबत न्या. तुम्ही सर्वात आधी तिला सांगितलंत, तेव्हा तिचाही जबाब लागेल.