‘शहीद’ परका, ‘हुतात्मा’ आपला?

प्रश्न असा आहे: १९५०-६० च्या दशकांत अमेरिकेतल्या मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांत कृष्णवर्णीयांची मतदार म्हणून नोंदणी व्हावी म्हणून झटताना जे मारले गेले, त्यांच्याविषयी एका वाचकाने मराठीत लेख लिहिला. त्यात ‘शहीद’ होतं. तपासणाऱ्याने ते खोडून ‘हुतात्मा’ केलं, कारण ‘शहीद’ अरबी. हे बरोबर का?

अरबी म्हणून नको! ही मंडळी सकाळी अर्ज करतात, दुपारी वकील गाठतात (हे दोन्ही शब्दही अरबीच) आणि संध्याकाळी ‘शहीद’ खोडतात.

अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, ते सांगत बसत नाही. एक मात्र आधीच निकालात काढतो. ‘सेल्माच्या पुलावर कार्यकर्ते धारातीर्थी पडले’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हात जोडायची वेळ आली आहे. धारातीर्थातली धारा म्हणजे शस्त्राची धार. तिथे पडणारा लढता लढता पडतो. ७ मार्च १९६५ ला मतदानाच्या हक्कासाठीचा मोर्चा अलाबामातल्या सेल्मा गावच्या एडमंड पेटस पुलावर आला, तेव्हा शस्त्रं होती ती फक्त पोलिसांकडे. शिवाय त्या दिवशी पुलावर कोणी मेलं नाही. लाठ्या पडल्या, अश्रुधूर सोडला, मोर्चाच्या पुढे असलेल्या जॉन लुईस यांची कवटी फुटली. मृत्यू झाला होता तो आधी, जवळच्या मॅरियन गावात: जिमी ली जॅक्सन, १८ फेब्रुवारीला राज्य पोलिसाची गोळी लागली, २६ ला गेला. तेव्हा धारातीर्थ राहू द्या शिवचरित्रात.

वर्तमानपत्रं ‘बळी’ लिहितात. लिहू देत, पण या शब्दाची एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. बलि म्हणजे नैवेद्य हे खरं, पण बलि म्हणजे करही. रुद्रदामनाच्या जुनागढच्या शिलालेखात बलि, शुल्क, भाग अशी वसुलीची यादीच आहे आणि अशोकाने लुंबिनी गाव ‘उबलिक’ केलं, म्हणजे बलि माफ केला. आता मिसिसिपीकडे या. तिथे मत द्यायचं तर आधी डोईपट्टी भरा! १९६४ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने ती राष्ट्रीय निवडणुकांपुरती गेली, राज्याच्या निवडणुकांना चालूच राहिली. हॅटिसबर्गजवळचे दुकानदार व्हर्नन डाहमर यांनी जानेवारी १९६६ मध्ये रेडिओवरून जाहीर केलं की लोकांनी ही पट्टी आपल्या दुकानात आणून द्यावी आणि ज्याला झेपत नाही त्याची आपण भरू. त्याच रात्री कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्या संघटनेच्या लोकांनी त्यांचं घर आणि दुकान पेटवलं. बायकामुलं मागून बाहेर पडेपर्यंत डाहमर आतून गोळ्या झाडत राहिले. फुप्फुसं भाजली होती, १० जानेवारीला गेले. हल्ल्याचा हुकूम देणारा सॅम बॉवर्स दोषी ठरला तो १९९८ साली.

डाहमर यांना ‘हुतात्मा’ म्हणा, माझी हरकत नाही. हा शब्द सावरकरांचा, घडणही देखणी: ‘हु’ धातू, त्याचं ‘हुत’, अग्नीत अर्पण केलेलं. पण अर्पण म्हटलं की अर्पण करणारा आला, त्याची इच्छा आली. आणि इथेच तो शब्द सगळ्यांना पुरत नाही.

‘शहीद’कडे बघा. श-ह-द या अरबी धातूचा गाभा साक्ष देणं हा आहे. कुराणात हा शब्द येतो तो बहुतेक ठिकाणी साक्षी याच अर्थाने. धर्मासाठी मेलेला हा अर्थ पुढे ठळक झाला. तो कुठून आला? माझं मत (आणि काही अभ्यासकांचंही) असं की शेजारच्या सिरियाक बोलणाऱ्या ख्रिश्चनांकडून. त्यांच्याकडे ‘साहदा’ म्हणजे साक्षीदार आणि धर्मासाठी मेलेलाही. त्यांनी ही जोडी ग्रीकांवरून उचलली: ‘मार्तुस’ म्हणजे कोर्टातला साधा साक्षीदार, त्यावरून इंग्रजांचा ‘मार्टर’. आता सांगा, यात परकं कोण आणि कोणाला? आपला साक्षीदेखील पाणिनीने ‘साक्षाद् द्रष्टरि’ असा बांधलाय. स्वतः पाहिलेला तो साक्षी. त्याची ‘स अधिक अक्षि’ अशी परस्पर फोड करून टाळ्या घेणाऱ्यांनी सूत्र एकदा उघडून पाहावं.

मिसिसिपीत हा धात्वर्थ अक्षरशः खरा होता. १३ ऑगस्ट १९५५ ला ब्रुकहेवनमध्ये लमार स्मिथ यांना कोर्टाच्या आवारात, भरदिवसा, माणसांच्या देखत गोळ्या घातल्या. ते कृष्णवर्णीय मतदारांना टपालाने मत कसं द्यायचं ते शिकवत होते. पाहणारे पुष्कळ, साक्षीदार एकही नाही. खटलाच उभा राहिला नाही. १९६१ च्या सप्टेंबरात लिबर्टी नावाच्या गावी (नाव बघा!) हर्बर्ट ली या शेतकऱ्याला कापसाच्या जिनिंगपाशी ई. एच. हर्स्ट या आमदाराने गोळी घातली. ली नोंदणीच्या कामात होते. लुई ॲलन यांनी ते पाहिलं. आधी त्यांच्याकडून ‘आमदाराने स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली’ असं वदवून घेतलं गेलं. पुढे त्यांनी एफबीआयला खरं काय ते सांगितलं आणि संरक्षण मागितलं. मिळालं नाही. एका डेप्युटी शेरीफने त्यांचा जबडा मोडला. शेवटी ते राज्य सोडून मिलवॉकीला निघाले होते. निघायच्या आदल्या रात्री, ३१ जानेवारी १९६४ ला, घराच्या फाटकापाशी त्यांना मारलं. आजवर कोणावर खटला नाही.

या माणसाने काय अर्पण केलं? तो जीव वाचवायला निघाला होता. त्याला हुतात्मा म्हणणं म्हणजे मारणाऱ्यांचं काम मेलेल्याच्या इच्छेखाती जमा करणं. तो साक्षीदार होता, आणि साक्षीदार होता म्हणून मारला गेला. इतका नेमका शहीद मला दुसरा माहीत नाही. अरबी कोशकाराने उदाहरण म्हणून द्यावा असा.

मिसिसिपीत मतदार नोंदणीसाठी झटणाऱ्या फॅनी लू हेमर तर जिवंतपणी ‘शाहिद’, म्हणजे त्याच धातूवरून साक्षीदार. विनोनाच्या तुरुंगात १९६३ मध्ये बेदम मार खाल्लेल्या या बाईंनी २२ ऑगस्ट १९६४ ला अटलांटिक सिटीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या समितीपुढे तो सगळा मार सांगितला. टीव्हीवर ते चालू असतानाच राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घाईघाईने पत्रकार परिषद घेतली, कॅमेरे तिकडे वळावेत म्हणून.

हां, तुमचा प्रश्न. सगळ्यांसाठी मिळून ‘शहीद’ ठेवा आणि खोडणाऱ्याला हे वाचायला द्या. डाहमरसारख्यांना ‘हुतात्मा’ लिहायचंच असेल तर अनेकवचन ‘हुतात्मे’ आणि भाववाचक ‘हौतात्म्य’. ‘हुतात्म्य’ असा शब्द नाही.