आई तीच तीच गोष्ट सांगतात, हा विसरण्याचा आजार आहे का?

गोव्यातल्या फोंड्याहून समुपदेशनासाठी आलेल्या एका सुनेचा हा प्रश्न. सासूबाई ७९ वर्षांच्या. सासरे गेल्यावर सत्तरी तालुक्यातल्या गावचं घर बंद करून त्यांना फ्लॅटमध्ये आणलं, त्याला वर्ष होत आलं होतं. "आई दिवसभर जुनंच बोलतात, मॅडम. मांडवीचा पूल पडला ती गोष्ट दिवसातून तीनदा. काही विचारलं की भलतंच उत्तर. स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाहीत. मिस्टर म्हणतात, जुनं इतकं लख्ख आठवतंय म्हणजे डोकं ठीक आहे." (ओळख पटू नये म्हणून इथले काही तपशील बदलले आहेत.)

मुलाचा तर्क बऱ्याच घरांत ऐकू येतो आणि तो धोक्याचा आहे. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला जुन्या आठवणी बहुधा शाबूत असतात. आधी निसटतं ते आजचं. त्यामुळे १९६१ सालचं किती आठवतं यावरून काही ठरत नाही. सकाळी कोण येऊन गेलं, गोळी घेतली का, नेहमीच्या भाजीचा क्रम चुकतो का, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळ होतो का, पैशांचा हिशेब जमतो का, हे पाहायचं. सुनेला दोन आठवडे याचीच नोंद वहीत ठेवायला सांगितली. तारीख, वेळ, काय घडलं, एवढंच. "हल्ली विसरतात" असा शेरा नको.

वहीतून वेगळंच दिसलं. गोळ्या वेळेवर, दूधवाल्याचा हिशेब चोख. भलती उत्तरं मात्र बहुतेक वेळा टीव्ही चालू असताना किंवा सून पाठमोरी असताना. म्हणून आधी कान. दोन्ही कानांत मळ होता, तो काढल्यावरही तपासणीत बऱ्यापैकी बहिरेपण निघालं. ज्याला समोरचं नीट ऐकू येत नाही, त्याला ऐकण्यापेक्षा बोलणं सोपं जातं. आपणच बोलत राहिलं की उत्तर चुकायची भीती उरत नाही.

सोबत बी-१२, थायरॉईड, सोडियम या रक्ततपासण्या, मोतीबिंदूची तपासणी आणि चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवणं. झोपेच्या आणि सर्दीच्या काही गोळ्यांनीही म्हातारपणी गोंधळ वाढतो. स्मृतीची ३० गुणांची चाचणी त्यांचं मराठी चौथीपर्यंतचं शिक्षण लक्षात घेऊन पाहिली, ती ठीक आली. कमी शिकलेल्या माणसाला त्या चाचणीत गुण कमीच पडतात, हे न बघता घाबरवणारे निष्कर्ष काढले जातात. नैराश्याच्या १५ प्रश्नांच्या प्रश्नावलीत मात्र ७ गुण आले. ५ च्या वर गेलं की पुढे तपासायचं असतं. मनोविकारतज्ज्ञांनी तूर्त औषध न देता लक्ष ठेवायला सांगितलं.

मग दोन कागद घेतले. एकावर लग्नानंतरच्या काळातला एक दिवस, दुसऱ्यावर आजचा, उठल्यापासून निजेपर्यंत. पहिल्या कागदावर विहिरीचं पाणी, चूल, भात उकडणं, गुरं, पावसाळ्याआधीचं पुरुमेंत (पावसाळ्यासाठीची साठवण), कोणाच्या बाळंतपणाला काय करायचं ते विचारायला येणाऱ्या शेजारणी. दुसऱ्यावर चहा, आंघोळ, टीव्ही, जेवण, टीव्ही. घरच्यांना वाटलं, आईला जुनं कष्टाचं जिणं परत हवंय. तसं मुळीच नव्हतं. चुलीच्या धुराने डोळे गेले असते, गॅस चांगलाच, असं त्या स्वतः म्हणाल्या. पोर्तुगीज काळात दर एस्कुदो या चलनात होते तेव्हाही त्यांना बाजार कळत होता, गोवा मुक्तीनंतर भारतीय रुपया आला तोही त्यांनी सहज हाताळला. त्या आयुष्यभर बदलत आल्या होत्या. आता कोणी त्यांना काही विचारत नव्हतं, हे दुखणं होतं.

सुनेने लगेच तांदूळ निवडायला दिले. पाकिटातला तांदूळ स्वच्छ असतो हे सासूबाईंना ठाऊक होतं. दोन दिवसांत ताट बाजूला. खोटं काम म्हातारी माणसं लगेच ओळखतात आणि त्यात अपमान असतो. काम असं हवं की ते केलं नाही तर घराचं अडेल, आणि त्यातले निर्णयही त्यांचेच हवेत.

मे महिना होता, म्हणून सोलं (वाळवलेलं कोकम) करायचं काम निवडलं. भिरंडं (कोकमाची फळं) फोडून बिया आणि गर वेगळा, त्या रसात मीठ, साली त्यात बुडवून उन्हात, दुसऱ्या दिवशी पुन्हा बुडवून पुन्हा उन्हात. पहिली खेप बुरसटली, कारण बाल्कनीत ऊन दोनच तास. सोसायटीकडून गच्चीची परवानगी काढली, नातवाला राखणीला बसवलं. मीठ किती, साल कधी पुरेशी वाळली, हे आजी सांगणार आणि नातू लिहिणार. चवथीला (गणेश चतुर्थीला) माटोळीची, म्हणजे गणपतीवर बांधायच्या फळा-पानांची, यादी आणि बाजारातली निवडही त्यांच्याकडे सोपवायची, असं तेव्हाच ठरलं.

श्रवणयंत्राकडे विशेष लक्ष द्यावं लागलं. बरीच यंत्रं महिन्याभरात खणात जातात, कारण पहिल्याच दिवशी ती लावून बाजारात नेतात आणि सगळा गलका एकदम कानात शिरतो. पहिल्या आठवड्यात शांत खोलीत एक-दोन तास, एकाच माणसाशी बोलताना. मग हळूहळू वेळ वाढवायचा. यंत्रातल्या छोट्या बॅटरीची (झिंक-एअर सेलची) पट्टी काढल्यावर तो एखाद मिनिट उघडा ठेवून बसवायचा. गोव्याच्या पावसाळ्यात दमटपणा यंत्र खराब करतो, म्हणून रात्री सेलचं झाकण उघडून यंत्र सिलिका जेलच्या डबीत.

गोष्टींचं काय? "हे सांगितलंत आई" म्हणणं बंद. त्याऐवजी आतला नवा प्रश्न: ५ जुलै १९८६ ला पूल पडला, मग बाबा बेतीहून पणजीला कसे जायचे? फेरीबोटीला गर्दी किती? अशा प्रश्नाने गोष्ट पुढे सरकते. म्हातारपणी मागच्या आयुष्याचा आढावा घेणं हे मनाचं स्वाभाविक काम आहे, असं अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये मांडलं होतं. त्यात दुःखाची आठवण आली, तर विषय बदलू नये. पूल पडला त्याच पावसाळ्यात या बाईंचं एक मूल गेलं होतं. मुलाला हे माहीत होतं, पण घरात कधी बोललं गेलं नव्हतं.

तीन महिन्यांनी प्रश्नावलीचे गुण ४ वर आले. पुलाची गोष्ट अजून येते, पण दिवसाआड. स्मृतीची चाचणी वर्षाने पुन्हा करायची आहे. एकदा ठीक आली म्हणून सोडून द्यायची नाही.

एक अपवाद सगळ्यांनी लक्षात ठेवावा: गोंधळ काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक वाढला, झोप उलटसुलट झाली, माणसं ओळखेनाशी झाली, तर समुपदेशनाची वेळ घेत बसू नका. लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, औषधाचा परिणाम असं कारण असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. उदासी किंवा जगणं नको असल्याचं बोलणं असेल, तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर कधीही फोन करता येतो, आणि बांबोळीच्या मनोविकार संस्थेत तपासणीची सोय आहे. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी एल्डरलाइन १४५६७.