व्हीपीएनवर जर्मनी लावलंय, तरी वेबसाइटला मी सांगलीत बसलोय हे कळतं का?

सांगली नाही कळत पण भारत कळतो, कारण व्हीपीएन आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) बदलतं, घड्याळ नाही. ब्राउझर जावास्क्रिप्टला, म्हणजे साइटच्या कोडला, टाइम झोन आपणहून सांगतो, लोकेशनसारखी परवानगीपण मागत नाही. मी इथंच सांगलीत क्रोमच्या कन्सोलमध्ये (कोड चालवून बघायची खिडकी) बघितलं तर 'एशिया/कलकत्ता' आलं आणि ऑफसेट, म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाण वेळेपासूनचा फरक, उणे ३३० मिनिटं (चिन्ह उलटं असतं, गोंधळू नका), आता आयपी जर्मनीचा आणि घड्याळ भारताचं म्हटल्यावर मेळ कुठं बसणार. अख्ख्या देशाला एकच टाइम झोन, त्यामुळं सांगली का सातारा हे नुसत्या त्यावरनं काढता येत नाही. लपवायचंच असेल तर टॉर हा ओळख लपवणारा ब्राउझर, तो यूटीसी दाखवतो, फक्त मग साइटवरच्या वेळा साडेपाच तास मागं दिसतात.